मामाला दोघांचं घाल

२ मार्च

आई, नमस्कार.

सकाळी उठलो, चहा केला. टाकीतल्या माशाला खायला घातलं. दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. तीन चष्मे दिले, एकाची दांडी बसवून दिली. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळी येताना किनाऱ्यावरून खाऱ्या पाण्याचे दोन कॅन भरून आणले. माशाला पुन्हा खायला घातलं. जेवलो. आता हे पत्र लिहितो आहे.

फोनवर मी नुसतं ‘हं’ म्हणतो आणि तुम्हाला ते ऐकू येत नाही, तेव्हा पत्र लिहा, असं तुम्ही म्हणालात. म्हणून बसलो. पण वर लिहिलं त्याहून जास्त आज काही घडलं नाही.

घर ठीक आहे. तिचे रबरी बूट दाराशी आहेत. हलवलेले नाहीत. त्यांची अडचण होत नाही.

मासा म्हणजे मामा. तुम्हाला तो माहीत नसेल. नोव्हेंबरात, आजार कळायच्या थोडं आधी, ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यातून तिनं तो जाळीनं पकडून आणला. लांबी बोटाएवढी. रंग शेवाळासारखा, अंगावर करडे पट्टे. दगडाच्या कपारीत बसून राहतो आणि खालचा ओठ पुढे काढतो. त्याला बघून ती म्हणाली, हा तर आमचा मामाच, रुसून बसलेला. तेव्हापासून तो मामा. हे तुमच्या भावाला सांगू नये.

दवाखान्यात असताना तिनं मला बजावलं होतं, “मामाला दोघांचं घाल.” म्हणून सकाळी मी माझ्या वाटचं घालतो आणि संध्याकाळी तिच्या वाटचं. बारीक कोळंबी, चिमट्यानं. तो दोन्ही वेळेला खातो.

तुमच्या पायाचं प्लास्टर निघालं का ते कळवा.

तुमचा जावई


९ मार्च

जावईबुवा,

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मी कागद उलटा करून बघितला, मागं काही लिहिलंय का म्हणून. पत्र लिहिलंत की दुकानाची पावती फाडलीत? पण लिहिलंत, हे बरं केलंत. तुमचा आवाज नाहीतरी मला कधी ऐकू आलेला नाही, लग्नातसुद्धा नाही. अक्षर मात्र छान आहे.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन घरभर फिरते. पाय बारीक झालाय, दुसऱ्याचा लावल्यासारखा वाटतो.

तुमचं पत्र मी भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. चष्मा तुम्हीच करून दिलाय त्याला, पण तो कायम कपाळावर असतो. आता ‘तुमच्या भावाला सांगू नये’ हे तुम्ही ओठाच्या आधी लिहायचं की नंतर? मी ओठापर्यंत वाचून मोकळी झाले होते. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललेलं नाही. खरं सांगू का, रुसल्यावर त्याचा ओठ अगदी तसाच येतो. माझ्या लेकीची नजर पक्की होती.

बूट राहू द्या तिथंच.

एक विचारायचंय. समोरासमोर विचारलं नसतं, कागदावर जमतंय. शेवटच्या आठवड्यात ती भानावर होती का हो? मला येता आलं नाही, पाय लटकवून पडले होते मी. फोनवर बोललो तेवढंच. माझं आयुष्य प्रसूतिगृहात गेलंय, तापात माणसं काय काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. ती त्या शेवटच्या फोनमध्ये असं काही बोलली की ते माझ्या डोक्यातून जात नाही. काय, ते तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हाला उगाच लागेल. मला एवढंच हवंय, जाताना माझी पोरगी माझीच होती की नव्हती? खरं ते लिहा. मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

आई


१७ मार्च

आई, नमस्कार.

आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. मामाला बरं नाही.

आठवडाभर त्याचं पोट वाढतंय. आता तो वरून बघितला तर नाशपातीसारखा दिसतो. कपारीत मावत नाही, म्हणून दगडाला टेकून असतो आणि जोरजोरात श्वास घेतो. दुकानाच्या गल्लीत शोभेचे मासे विकणारे एक जण आहेत, त्यांना सगळे मासेमास्तर म्हणतात. त्यांना घरी आणून दाखवलं. ते म्हणाले, जलोदर. किती खायला घालता, असं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “दोन्ही वेळेला? साहेब, लाडानं मारलंत की तुम्ही याला!”

संध्याकाळचं घालणं बंद करायला सांगितलं आहे. पाण्यात टाकायचं एक निळं औषध दिलं आहे. पोटाची कातडी ताणून पातळ झाली आहे, तिथं आतून काळे ठिपके दिसतात. मास्तर म्हणाले, आत सडत चाललंय. रविवारपर्यंत उतार पडला नाही तर लवंगेचं तेल पाण्यात घालायचं, मासा झोपी जातो, त्याला कळत नाही. मी बाटली आणून ठेवली आहे.

संध्याकाळचं बंद केलं. त्या वेळेला काय करावं समजेना, म्हणून टाकीची काच पुसली. मग पुन्हा पुसली. तिनं आणलेली शेवटची गोष्ट तीच आहे. ती माझ्या हातून जाऊ नये, असं वाटतं.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. मला ती भानावर वाटली. पण मी डॉक्टर नाही. तुमच्याशी फोनवर बोलून झाल्यावर ती मला तुमच्याबद्दल एक वाक्य म्हणाली. ते लिहिलं तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लिहीत नाही.

तुमचा जावई


२० मार्च

जावईबुवा,

जास्तीचं तिकीट लावून पाठवतेय. रविवारच्या आत तुमच्या हातात पडलं पाहिजे. भावाला फोन करायला लावला होता. म्हटलं, एवढंच सांग की औषध थांबवा. तर त्यानं तुम्हाला ओठाबद्दल झाडलं आणि ठेवून दिला. मुख्य गोष्ट राहूनच गेली म्हणे! मग मी लावला तर तुम्ही उचलत नाही. फोन काय गल्ल्यात ठेवता?

तर ऐका. ते निळं औषध आजपासून बंद. पाणी बदला. आणि लवंगेच्या तेलाची बाटली तुमची दाढ दुखेल तेव्हासाठी ठेवा.

आता मी विचारते त्याची नीट उत्तरं द्यायची. वॉर्डात नवीन बाई आली की मी असंच विचारायचे. मामाला भूक आहे ना? अंग भरलेलं आहे ना? पाण्यानं पोट फुगलेलं माणूस मी पाहिलंय. त्याची अन्नावरची वासना जाते आणि हातापायांच्या काड्या होतात. तुमचा मामा तर मजेत दोन वेळा जेवत होता, तुम्ही उपाशी ठेवेपर्यंत.

दुसरं. ते काळे ठिपके कसे आहेत? कुठंही विखुरलेत, की जोडीजोडीनं आहेत?

आणि तिसरं. मामा ‘तो’, हे कशावरून? मासा म्हणून तो, एवढंच ना? मग उंदीरही तोच असतो. माळ्यावर पिल्लं सापडली की आपण म्हणतो, उंदरानं पिल्लं घातली. त्या उंदराचं बाळंतपण कोण करतं? मासे अंडी घालतात, ते मला शिकवू नका, शाळेत मीही गेलेय. तरी बघा.

चौथं. ‘दोघांचं घाल’, हे ती नेमकं असंच म्हणाली? ‘आपल्या दोघांचं’ म्हणाली, की नुसतं ‘दोघांचं’? मी रोज वॉर्डात फिरताना म्हणायचे, बाई गं, आता दोघांचं खायचं. शाळा सुटली की माझी पोरगी त्याच वॉर्डाच्या बाकावर बसून गणितं सोडवायची. ते वाक्य तिचं नाही, माझं आहे.

उपाशी ठेवू नका. हे पत्र हातात आलं की आधी खायला घाला, मग पुढचं वाचा. पण हे मी शेवटी लिहिलं. जाऊ द्या.

आई


२२ मार्च, रविवार

आई, नमस्कार.

तुमचं पत्र काल दुपारी दुकानात आलं. गिऱ्हाईक गेल्यावर दुकान बंद केलं आणि घरी आलो. पाणी बदललं. कोळंबी घातली. मामानं ती एका घासात घेतली आणि चिमटाही ओढला.

मग दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावून टाकीजवळ बसलो. ठिपके जोडीजोडीनं होते. प्रत्येक जोडीतलं अंतर सारखं. प्रत्येक ठिपक्याभोवती रुपेरी कडं. मी बघत होतो तेव्हा त्यातली एक जोडी वळली.

आई, डोळे होते ते.

रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी लोकांचे डोळे बघतो. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजणं, यावरच माझं पोट चालतं. आणि माझ्याच घरात इतके डोळे माझ्याकडे बघत असताना मी त्यांना रोग म्हणालो.

मामा ती आहे.

आज सकाळी चहा घेत होतो तेव्हा मामा कपारीतून बाहेर आला. आली. मला सवय व्हायला वेळ लागेल. अंग थरथरवलं. आधी एक शेपटी दिसली, केसाएवढी. मग बराच वेळ काही नाही. मग एक झटका, आणि पिल्लू बाहेर. ते तळाला गेलं, थोडं पडून राहिलं आणि उठून सरळ शेवाळात शिरलं. सगळी शेपटीकडूनच आली. नऊपर्यंत मोजली, पुढे शेवाळात दिसेनाशी झाली. अंडी नाहीत, काही नाही. एकदम तयार मासे. भिंगातून बघितलं तर खालचा ओठसुद्धा पुढे आहे.

मासेमास्तरांना बोलावलं. ते बघून खुर्चीत बसले आणि कान धरले. म्हणाले, “साहेब, गोड्या पाण्यातल्या रंगीत माशांत असतात पिल्लं देणारे, मी विकतो की. पण खडकातला हा काळासावळा कोण, कुठला, मला काय ठाऊक?” मग त्यांनी पाणी प्यायला मागितलं. निळ्या औषधाचे पैसे परत करत होते, मी घेतले नाहीत.

ती नुसतं ‘दोघांचं’ म्हणाली होती. ‘आपल्या’ हा शब्द माझ्या मनाचा.

तुमचा जावई


२६ मार्च

जावईबुवा,

सगळी पायाळू! नऊच्या नऊ! आणि आईला काही नाही, बाळांना काही नाही, तुम्ही चहा पिताय. माझ्या वॉर्डात एक पायाळू बाळ निघालं की डॉक्टरांची धावपळ, नर्सांची धावपळ, बाप बाहेर घामानं निथळतोय. मामाला माझा नमस्कार सांगा. नोकरीत असते तर वॉर्डात तिचा फोटो लावला असता.

भावाला सांगितलं. म्हटलं, अरे, तू बाळंत झालास. आधी फणकारला. मग जेवताना हळूच विचारतो, “ओठ सगळ्यांचे आलेत का?” आता शेजारच्यांना सांगत सुटलाय. परवा भाजीवाल्यालाही सांगितलं. भाजीवाला याच्या पोटाकडे बघत होता.

आता मला नीट कळवा. टाकीत मामा एकटीच होती ना, नोव्हेंबरपासून? मग यजमान कुठले? महिने किती धरायचे? मी बोटांवर मोजून मोजून थकले. आणि नंतर थांबलं का, की अजून आहेत पोटात? पोट उतरलं का? त्या मास्तरांना विचारू नका, त्यांचं बघितलं आपण.

आणि ते वाक्य. माझ्याबद्दल ती काय म्हणाली? माझं मन आता घट्ट आहे, जावईबुवा. खरं म्हणजे तुमचं मागचं पत्र वाचल्यापासून मनात काहीतरी फिरतंय, पण मी ते बोलत नाही, उगाच आशा नको. तुम्ही तुमच्याकडचं लिहा. मग मी माझ्याकडचं लिहीन.

आई


३१ मार्च

आई, नमस्कार.

आज पाऊस नव्हता, वारा होता. दुकानात एक शाळेतली मुलगी आली, तिचा पहिला चष्मा. बाहेर पडल्यावर ती झाडाकडे बघत उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, पानं सुटी सुटी असतात. मी हो म्हणालो.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. मास्तरांनीच एका बाईंशी गाठ घालून दिली. त्या किनाऱ्यावरच्या माशांचा अभ्यास करतात. घरी येऊन त्या मामासमोर तासभर बसल्या. दोन वेळा चहा दिला, दोन्ही गार झाले.

त्यांनी सांगितलं ते असं. खडकाळ किनाऱ्यावर उथळ पाण्यात अंडी घातली तर लाटेनं वाहून जायची भीती. या जातीच्या माद्या अंडी घालत नाहीत, पिल्लं पोटात वाढवतात, आणि जन्मल्यापासूनच त्यांना शेवाळ धरून राहता येतं. नर भेटला की मादी त्याचं बीज लगेच वापरून टाकेल असं नाही. ती ते पोटात सांभाळून ठेवते, महिनेच्या महिने, आणि थोडं थोडं वापरते. नर तोवर कुठं असेल, असेल की नसेल, त्यानं तिचं काही अडत नाही. म्हणजे यजमान डबक्यातच राहिले. मामा आली ती सगळं बरोबर घेऊन आली.

पिल्लं एकाच वयाची नसतात. पोटात थोरली, मधली आणि धाकटी अशी एकाच वेळी वाढत असतात. थोरली बाहेर पडली की मधली थोरली होतात. म्हणून बाळंतपण एकदा होऊन संपत नाही. थोडे दिवस जातात आणि पुन्हा काही येतात. काल सहा आली. पोट अर्धं उतरलं आहे, भिंगातून अजून डोळे दिसतात. आत आईच्या अंगातून एक रस पाझरतो आणि पिल्लं त्यावर वाढतात, म्हणून तिला खायला जास्त लागतं. ‘दोन वेळा घालत होतात ते अगदी योग्य होतं,’ असं बाई म्हणाल्या. हे मी मास्तरांसमोर पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

शेवाळ भरपूर ठेवायला सांगितलं आहे. नाहीतर मामा स्वतःचीच पोरं गिळेल.

आता ते वाक्य. तुमच्याशी बोलून झालं, नर्सनं फोन काढून घेतला. ती हसत होती. तिला हसताना दुखायचं, तरी पोट धरून हसत होती. मला म्हणाली, “आईला कळलंच नाही.” आणि पुन्हा हसली. मी विचारलं, काय कळलं नाही. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता थोडेच दिवस राहिलेत हे तुम्हाला कळलं नाही, असं तिला म्हणायचं आहे. आणि त्यावर ती हसते आहे, म्हणजे आजार डोक्यात गेला. हे मी तुम्हाला कसं लिहिणार होतो?

तुमचा जावई


४ एप्रिल

जावईबुवा,

तुमचं पत्र मी दारातच वाचलं आणि तिथंच पायरीवर बसले. भावाला वाटलं, पाय पुन्हा मोडला.

माझ्याकडचं आता ऐका. त्या दिवशी फोनवर ती मला म्हणाली, “आई, तुझ्या जावयाच्या घरात बाळंतपण निघालंय. मामा गरोदर आहे.” आवाज खोल गेलेला, धाप लागत होती. मी काय समजणार? मामा म्हणजे मला एकच मामा माहीत, तो माझ्यासमोर वर्तमानपत्र वाचत बसलेला. तुमच्या घरात पाळणा हलला नाही, त्याचं तुम्ही दोघांनी कधी काही वाटून घेतलं नाहीत, पण माझ्यासारखीला वाटायचं ते वाटायचंच. मी म्हटलं, ताप चढलाय माझ्या लेकीला, आणि मनात दाबून ठेवलेलं आता बाहेर पडतंय. मग मी तिच्याशी वॉर्डातल्या आवाजात बोलले. हो गं बाळा, हो, आपण सगळं नीट करू, तू डोळे मिटून पड. ती म्हणाली, “अगं आई, खरंच! यांना सांगू नकोस. चष्मेवाल्याला कधी दिसतं ते बघू या.” मी पुन्हा म्हटलं, हो गं बाळा. तेवढ्यात नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

हेच माझ्या डोक्यात होतं इतके दिवस. आपली पोरगी शेवटी भ्रमात गेली, आणि तीही असल्या भ्रमात.

आणि ती तर थट्टा करत होती हो! तुमची करत होती, भावाची करत होती, माझीही करत होती. इतकी वर्षं प्रसूतिगृहात काढलेली तिची आई, आणि तिला पोटुशी कळली नाही! ‘आईला कळलंच नाही.’ बरोबरच आहे तिचं. तुम्हाला डोळे दिसले नाहीत आणि मला बाळंतपण कळलं नाही. एकाच घरातले दोन तज्ज्ञ!

मी रडले, हे लपवत नाही. पण आधी हसले. भाऊ म्हणतो, आधी रडलीस. त्याला काय कळतंय, चष्मा कपाळावर होता. त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, “माझ्या नावानं केलीन ना थट्टा? मग झालं तर!” आणि उठून आत गेला.

ती होती तशीच गेली. आता मला दुसरं काही विचारायचं नाही.

एकाच पोटात तीन इयत्ता चालवणाऱ्या बाईला खायला कमी पडू देऊ नका. पोरांना तिच्या तोंडासमोरून जरा दूर ठेवा. आणि तुम्हीही जेवत जा. मागच्या पत्रात तुम्ही ‘जेवलो’ लिहिलं नव्हतंत. माझ्या लक्षात आलंय.

आई


१२ एप्रिल, रविवार

आई, नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी दुकानात आलं. एक बाई आरशासमोर नवा चष्मा लावून बघत होत्या. मी पत्र वाचता वाचता मोठ्यानं हसलो. त्यांनी विचारलं, “इतका वाईट दिसतो का?” मी म्हटलं, नाही, शोभतो तुम्हाला. त्यांनी तोच घेतला. त्या गेल्यावर मी माझा चष्मा काढून पुसला आणि थोडा वेळ काढूनच बसलो.

तिला माहीत होतं, हे मला आता बऱ्याच गोष्टींवरून लक्षात येतं. डबक्यांवर वाकून वाकून तिनं असल्या माद्या आधीच बघितल्या असणार. टाकीत शेवाळ तिनंच इतकं दाट लावून ठेवलं होतं. मी म्हणायचो, मासा दिसत नाही. ती म्हणायची, तुला असाही किती दिसतो!

आज सकाळी ओहोटी होती. अभ्यास करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, थोरली आता मोठी झाली, टाकीत दाटी होईल, जिथून आई आणली तिथंच सोडा. मी त्या खडकांपर्यंत कधी गेलो नव्हतो. ती जायची, मी वाळूवर पेपर वाचत बसायचो. तिचे बूट मला होत नाहीत, म्हणून काल माझे घेतले. बादलीत नऊ पिल्लं घेऊन गेलो. खडक निसरडे आहेत, दोनदा बसलो. ती घरी येऊन एका खुणेच्या दगडाबद्दल सांगायची, त्याच्या पलीकडे तिचं डबकं सापडलं. गुडघ्याएवढं पाणी आणि सगळीकडे करडं शेवाळ. बादली तिरकी करून धरली. ती एकेक करून गेली नाहीत, सगळी एकदम गेली. पुन्हा एकही दिसलं नाही. कडेला भिंग लावून बराच वेळ बसलो. एक ओठ दिसल्यासारखा वाटला, पण तो त्यांचा की यजमानांचा, ते सांगता येत नाही.

मधली सहा टाकीत आहेत. गुरुवारी आणखी चार आली, ती धाकटी. मामाचं पोट उतरलं आहे, ती पुन्हा कपारीत मावते आणि रुसून बसते.

पाय ठीक झाला की तुम्ही दोघं या. मामांना सांगा, सगळ्यांचा ओठ त्यांच्यावरच गेला आहे. अभ्यास करणाऱ्या बाईंनीही ओठ मोजला आणि लिहून घेतला. खोली रिकामी आहे. समुद्र खिडकीतून थोडा दिसतो.

‘दोघांचं’ म्हणजे काय ते आता कळलं आहे. तरी संध्याकाळचं मी तिच्या वाटचं म्हणूनच घालतो. ते बदलायचं काही कारण दिसत नाही.

दुपारी जेवलो. ताजं पाणी घालून झालं. माझे बूट तिच्या बुटांशेजारी वाळत ठेवले आहेत. बाहेर उजेड कमी होतो आहे. कोळंबी सोलून बारीक करून ठेवली आहे, चिमटा धुवायचा आहे. पत्र पाकिटात घालतो आणि उठतो.

तुमचा जावई